डीकनच्या तळघरातली रूट बिअर

हिकरी खोरं, विस्कॉन्सिन
३ जून १९८३

प्रिय सलोमी आत्या,

प्रभूच्या नावाने नमस्कार. काल पाऊस होता, आज ऊन आहे, गवत गुडघ्यापर्यंत आलंय आणि घरात सगळ्यांच्या तब्येती बऱ्या आहेत. झालं हवामान. आता खरं बोलते.

आत्या, मला इथे बटाटे सोलण्यापलीकडे काही करू देत नाहीत! लग्न होऊन सात महिने झाले, या घरात येऊन दोन, आणि अजून मी चुलीपाशी गेले की सासूबाई म्हणतात, "राहू दे व्हर्ना. तुमच्या पेनसिल्व्हेनियात तसं करत असतील." पाव मळायला घेतला, तुमच्या पेनसिल्व्हेनियात. कपडे वाळत घातले, तुमच्या पेनसिल्व्हेनियात. एनोसला सांगितलं, तर तो म्हणतो, "आई मनाची चांगली आहे गं." असेल. मन दाखवायला काढत नाहीत, एवढंच.

सासरे डीकन तोबायस. तू त्यांना लग्नात पाहिलंस. तेव्हा ते जेवढे गंभीर होते, तेवढेच रोज असतात. कुणाचं चुकलं की घरी जाऊन समज द्यायची, हे काम मंडळीने त्यांच्यावर सोपवलंय, आणि ते समज द्यायला निघाल्यासारखेच गाईची धार काढायलाही निघतात. ही वस्ती कडक आहे, आत्या. सतरा वर्षांपूर्वी ही सात घरं जुन्या वस्तीतल्या पिण्याला कंटाळून इथे आली, म्हणून इथला पहिला नियमच हा, की प्रभुभोजनाचा प्याला सोडला तर दारूचा थेंब नाही. एप्रिलमध्ये शेजारच्या रूडी मिलरच्या कोठारात सफरचंदाच्या आंबलेल्या रसाचा एक बुधला सापडला. सासऱ्यांनी त्याला सगळ्या मंडळीपुढे गुडघ्यांवर बसून कबुली द्यायला लावली. पाच लेकरांचा बाप, मान वर करेना. मला फार वाईट वाटलं.

तर मागणं असं. या महिन्यात गवतकापणी आहे. सगळी वस्ती मदतीला येते, आणि पुरुषांना प्यायला सासूबाईंची रूट बिअर असते, नावालाच बिअर, बाकी मुळांचं गोड पेय. तिचं नाव पार नदीपलीकडच्या वस्तीपर्यंत आहे. मला वाटतं, आपणही आपली करावी, तू शिकवलेली, म्हणजे या घराला कळेल की मला बटाट्यांपलीकडेही काही येतं. पण तिला लागणारं ससाफ्रासचं झाड इथे उगवत नाही, आणि सासूबाई आपल्या मुळांचा साठा कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावतात. तेव्हा पौंडभर मुळांची साल पाठव.

तुझी,
व्हर्ना

लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया
९ जून

प्रिय व्हर्ने,

इथे उकाडा आहे आणि माझा गुडघा दुखतोय. साल पाठवली आहे.

कृती तुला पाठ असायला हवी, पण लग्नाने पोरी विसरभोळ्या होतात म्हणून लिहिते. साल उकळायची ती पाणी लालसर होऊन घरभर वास सुटेपर्यंत. गाळायचं, साखर घालायची, कोमट होऊ द्यायचं. यीस्ट चिमूटभर, माझी चिमूट, तुझ्या नवऱ्याची नव्हे. बाटल्या भरून एक दिवस उन्हात आडव्या ठेवायच्या, बुडबुडे धरले की थेट तळघरात थंडाव्याला, आणि आठवड्याच्या आत संपवायच्या. जास्त दिवस ठेवलीस, तर बाटल्या तरी फुटतील, नाहीतर आतलं पेय भलत्याच वाटेला लागेल.

आता न विचारता एक सल्ला. सासूच्या टेबलावर आपली बाटली घेऊन जाऊ नकोस. तिच्या हाताखाली उभी राहा, "आई, मला शिकवा" म्हण, आणि येत असलेलं सगळं नव्याने शीक. तुझी आई गेल्यावर तुला मी वाढवलं, पण हा शहाणपणा शिकवायचा राहिला, कारण मला कधी सासूच नव्हती.

सलोमी आत्या

हिकरी खोरं
२४ जून

प्रिय आत्या,

तुझा सल्ला पोचेपर्यंत बाटल्या उन्हात गेल्या होत्या. सालीचं पुडकं मंगळवारी आलं, पत्र शुक्रवारी. टपालवाल्याला काय बोलू!

गवतकापणीच्या दिवशी मी माझ्या चोवीस बाटल्या टेबलाच्या एका टोकाला मांडल्या. दुसऱ्या टोकाला सासूबाईंचे चिनीमातीचे बुधले. पुरुष आले, माझा एकेक घोट घेतला, "छान आहे हं, गोड आहे" म्हणाले, आणि रांगेने त्या टोकाला गेले. रूडी मिलर तर माझ्या टोकाकडे फिरकलाच नाही. एनोसने बिचाऱ्याने नवरा म्हणून दोन बाटल्या संपवल्या. माझ्या उरलेल्या एकवीस बाटल्यांवर सासूबाईंनी फडकं पांघरलं. मेलेल्या माणसावर पांघरतात तसं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तिसऱ्या फेरीनंतर आमचे डीकन हसले. आत्या, मोठ्याने हसले! मग त्यांनी एका गाईची गोष्ट सांगितली, आणि गाईचा आवाजही काढला. उपासनेत जे भजन वीस मिनिटं चालतं, ते बिशप हरमनने गवताच्या गाडीवर बसून पाच मिनिटांत म्हणून संपवलं. मला वाटलं, कामाचा आनंद. मग मी एका बुधल्याच्या तळाचा घोट घेऊन पाहिला.

जिभेला चटका बसला, कान गरम झाले आणि दोन मिनिटांनी मला सगळेच आवडायला लागले. सासूबाईसुद्धा.

दुसऱ्या दिवशी तळघरात जाऊन पाहिलं. प्रत्येक बुधल्यावर खडूने महिना लिहिलाय. ऑगस्ट. गेल्या वर्षीचा! सासूबाई दर शनिवारी बुचं सैल करून आतली हवा सोडतात, म्हणून फुटत नाहीत, आणि बुधला गप्प झाला की वरून मूठभर साखर घालतात. "मुरल्याशिवाय चव येत नाही," म्हणतात. आत्या, ही रूट बिअर नाही. हिच्यातलं रूट केव्हाच गेलंय.

मी हसत लिहितेय, पण भीती वाटतेय. ऑक्टोबरात प्रभुभोजन आहे, त्याच्या दोन आठवडे आधी समेटाची सभा. तिथे प्रत्येकाला उठून सांगावं लागतं, की माझ्या मनात काही दडलेलं नाही. मी काय सांगू? सांगितलं तर रूडीला गुडघ्यांवर बसवणारा माणूस स्वतः गुडघ्यांवर येईल, कदाचित डीकनपदही जाईल, आणि हे सगळं पेनसिल्व्हेनियाच्या सुनेने केलं म्हणतील. नाही सांगितलं, तर खोट्या तोंडाने प्रभूचा प्याला कसा घेऊ?

व्हर्ना

लँकेस्टर
१ जुलै

प्रिय व्हर्ने,

तुझं पत्र मी माझ्या रूट बिअरच्या दुकानात वाचलं ही चूक झाली. इतकी हसले, की गिऱ्हाईक बाई पाणी आणायला धावली. डीकनने गाईचा आवाज काढला! हे मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही, आणि रोज आठवेन.

आता हसणं पुरे. वाट तुला माहीत आहे. आपल्याकडे कुणाचं चुकलेलं दिसलं, तर आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं, मग दोघांना घेऊन, आणि ऐकलंच नाही तर मंडळीकडे. तू पहिल्या पायरीवर आहेस. एनोसलाही सांगू नकोस, तो तोंडावरून ओळखू येतो. सासूबाईंना एकटं गाठ. हात कामात असताना बोल, वाटाणे सोलताना वगैरे. हात रिकामे असले, की बाईला राग धरायला जागा मिळते.

आणि घाबरू नकोस. तुझ्या सासूला हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. जाणूनबुजून करणारी बाई वर खडूने तारीख घालत नाही.

सलोमी आत्या

हिकरी खोरं
२० जुलै

प्रिय आत्या,

इथे छान ऊन आहे. मका उंच झालाय. एनोसच्या घोडीला शिंगरू झालं. वाटाण्याचे बेचाळीस डबे भरले.

ते तळघराचं प्रकरण मिटलं. कसं ते विचारू नकोस. कुणाला दुखवलं नाही, कुणाला काही कळलं नाही आणि मी शांत झोपते.

ससाफ्रासची साल अजून लागेल. सहा पौंड पाठव, जमलं तर आठ.

तुझी व्हर्ना

लँकेस्टर
२७ जुलै

व्हर्ना,

तू तीन वर्षांची असल्यापासून मी तुला वाढवलंय. तू शिंगराबद्दल एका ओळीत लिहून थांबतेस, म्हणजे काहीतरी लपवते आहेस.

ज्या घरात तुझी रूट बिअर कुणी पीत नाही, तिथे आठ पौंड साल कशाला लागते? आठ पौंडांत माझं दुकान अख्खा उन्हाळा चालतं. वाटाणे सोलताना बोललीस का? काय म्हणाली? की बोललीच नाहीस?

साल पाठवते आहे, कारण तू मागितलंस की मला नाही म्हणवत नाही. पण हे पत्र मिळालं, की आधी उत्तर लिही आणि मग पुडकं सोड.

सलोमी आत्या

हिकरी खोरं
३ सप्टेंबर

प्रिय आत्या,

पाच आठवडे उत्तर लिहिलं नाही. तोंड नव्हतं.

वाटाणे सोलताना मी बोलायला गेले होते. "आई, तळघरातल्या रूट बिअरबद्दल..." एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "ज्याला जमत नाही, त्याला दुसऱ्याची कडूच लागते." मी वाटाणे सोलत राहिले. मग मला एक युक्ती सुचली. देवा, का सुचली!

दर शुक्रवारी सासूबाई बहिणीकडे गोधडी शिवायला जातात. तेवढ्यात मी त्यांचे अकराही बुधले रिकामे केले आणि त्यांत माझी ताजी, साधी, आठवड्याची रूट बिअर भरली. बुचं तीच, खडूची तारीख तीच. मग दर शुक्रवारी जुनी ओतायची, नवी भरायची. म्हणून आठ पौंड. पहिली खेप मी डुकरांच्या कुंडात ओतली होती. डुकरं दोन दिवस उठली नाहीत. सासऱ्यांनी जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं, त्याने पापण्या उघडून पाहिल्या, वास घेतला आणि "विश्रांती द्या" म्हणून निघून गेला. मी कोठारामागे जाऊन पोट धरून हसले. मला वाटलं, मी किती हुशार!

मग ऑगस्टात मळणी झाली. पुरुष रांगेत आले, प्याले, आणि एकमेकांकडे बघायला लागले. बिशप हरमन सासूबाईंना हळूच म्हणाला, "मॅटी, तब्येत बरी आहे ना तुझी?" रूडीने हातातला मग तोंडाला लावला, खाली ठेवला आणि पाणी मागितलं. कुणी हसलं नाही, कुणी गायलं नाही. जेवले आणि चार वाजता घरी गेले. सासरे तर असे बसले होते, जणू घरातलं कुणी वारलंय.

सासूबाईंनी सगळे बुधले एकेक करून आत नेले. मी मागून गेले तर त्या कोठीच्या दाराआड तोंडात ॲप्रनचा बोळा कोंबून रडत होत्या. आवाज होऊ नये म्हणून. "बासष्ट वर्षांची झाले," म्हणाल्या, "हात गेला माझा." आत्या, तो हात मी काढून घेतलाय!

आणि काल हद्द झाली. मी बटाटे सोलत होते, त्या समोर येऊन बसल्या. कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि खाली बघत म्हणाल्या, "व्हर्ना, तू कशी करतेस ते मला शिकव."

जून महिन्यात हेच ऐकण्यासाठी मी काय वाटेल ते दिलं असतं. काल ते ऐकून मला चुलीत उडी घ्यावीशी वाटली. ९ ऑक्टोबरला समेटाची सभा आहे. आता त्यांचं झाकू, की माझं झाकू? काय करू ते सांग. हवं तेवढं बोल मला, पण सांग.

व्हर्ना

लँकेस्टर
९ सप्टेंबर

व्हर्ना,

बोलणार नाही. तू स्वतःला पुरेसं बोलली आहेस, आणि मला डुकरांवर हसू आलं याची मलाच लाज वाटते आहे.

हे पत्र वाचून झालं की हातातलं टाक आणि सासूबाईंकडे जा. आधी आपलं सांग, मग त्यांचं. "तुमचा हात गेलेला नाही, मी चोरला" असं पहिल्याच वाक्यात सांग. त्या बाईला हे एक वाक्य ऐकायला मिळालं पाहिजे, मग पुढे आभाळ कोसळो. वाटाणे शोधत बसू नकोस.

रागावल्या तर रागावू दे. घराबाहेर काढलं, तर आगगाडीत बसून इकडे ये. तुझी खोली तशीच आहे. गादीवर मी फक्त कांदे वाळत घातलेत.

सलोमी आत्या

हिकरी खोरं
२६ सप्टेंबर

विहीणबाई सलोमी लॅप यांस,

आपली ओळख लग्नातली, तीही कोबी चिरण्यापुरती. तेव्हा थोडक्यात लिहिते. इथे धुकं आहे.

तुमच्या भाचीने मला सगळं सांगितलं. मी तिला खोटारडी म्हणाले. ती म्हणाली, ओतण्याआधी जुन्यातलं थोडं तिने बाटल्यांत भरून बटाट्यांच्या मागे राखून ठेवलंय, चाखून बघा. तुम्हाला नवल वाटेल, पण सतरा वर्षांत मी माझ्या रूट बिअरचा एक मगसुद्धा प्यायलेले नाही. चमच्याने साखर बघायची, ती पहिल्या आठवड्यात. पुढे पुरुषांना वाढता वाढता संपून जाते आणि आम्ही बायका विहिरीचं पाणी पितो. तर तिला खोटं पाडायला मी एक मग प्याले. मग आणखी खोटं पाडायला दुसरा प्याले. त्यानंतर मी दोरीवरच्या तोबायसच्या विजारीशी बराच वेळ बोलत उभी होते आणि तिला मक्याचा भाव विचारत होते, असं व्हर्ना म्हणते. मला आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही, एवढं मला आता कळलंय.

दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं आणि सगळं लख्ख दिसलं. सतरा वर्षं मी अख्ख्या मंडळीला दारू पाजते आहे, विहीणबाई! डीकनच्या तळघरातून! आणि त्या रूडी मिलरला एका बुधल्यापायी गुडघ्यांवर बसवलं.

मी ९ तारखेला सभेत उठून सांगणार आहे. तोबायसला आधी सांगितलेलं नाही. सांगितलं, तर त्याला डीकन म्हणून मला समज द्यावी लागेल आणि नवरा म्हणून माझ्याच हातचं जेवावं लागेल. दोन्ही एका टेबलावर कसं जमायचं? त्याचं पद गेलं, तर माझ्यामुळे जाईल. याची मला फार भीती वाटते. झोप लागत नाही.

एक शेवटचं. तुमचं पत्र टेबलावर होतं, मी वाचलं. वाचायला नको होतं. तुम्ही तिला परत बोलावलंय. तसं करू नका. सतरा वर्षांत माझ्या तोंडावर खरं बोलणारं या घरात दुसरं कुणी नव्हतं. मला ती हवी आहे. त्या गादीवर खुशाल कांदे राहू द्या.

मॅटी बोर्नट्रेगर

हिकरी खोरं
११ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

हवामान माहीत नाही. दोन दिवस बाहेर बघायला फुरसत नाही.

सभेतलं बाहेर सांगू नये, पण तू यात पहिल्या पौंडापासून आहेस, म्हणून मी बिशपलाच जाऊन विचारलं. तो म्हणाला, "लिही तुझ्या आत्याला. फक्त माझे मग तीन नाही, दोन लिही." तर वाचताना लक्षात ठेव, दोन.

सभा बिशपच्याच कोठारात होती. तुला माहीतच आहे, आधी पुरुषांना विचारतात, मग बायकांना. सासूबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. प्रवचन चार तास चाललं आणि चार तास त्यांनी माझी बोटं अशी आवळून धरली होती, की अजून सुया टोचतात. मग बिशप हरमनने विचारलं, कुणाच्या मनात काही आहे का? पुरुषांत पहिली पाळी डीकनची.

सासरे उठले. एरवी ते म्हणतात, "मी समेटात आहे," आणि बसतात. या वेळी बसले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या तळघरातली रूट बिअर चढते."

सासूबाईंच्या हातातून माझी बोटं सुटली.

"मला पहिल्या उन्हाळ्यापासून ठाऊक आहे," ते म्हणाले. "तरी मी प्यायलो. दरवर्षी प्यायलो. आणि तरी रूडीच्या घरी जाऊन त्याला समज दिली. बायकोला यातलं काही माहीत नाही. दोष माझा आहे." आणि आमचे डीकन सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसले. केवढं मोठं शरीर ते! मला रडूच कोसळलं.

आणि मग उठला तो रूडी मिलर. त्याने काहीही बोलावं असा त्याचा हक्क होता. रूडीने टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, "मलाही ठाऊक होतं. मी दरवर्षी गवतकापणीला सगळ्यांच्या आधी पोचतो, ते काही गवताच्या प्रेमाने नाही. हिवाळ्यात मॅटीची मिळत नाही, म्हणून तर मी सफरचंदाची करायला लागलो." आणि जाऊन सासऱ्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसला. सासरे त्याच्याकडे वळले, दोन्ही हात धरले आणि त्याची माफी मागितली. म्हणाले, "ज्या दिवशी तुला खाली बसवलं, त्या दिवशी मी तुझ्याशेजारी असायला हवा होतो." रूडी म्हणाला, "आता आहेस ना."

त्यानंतर बाक रिकामे व्हायला लागले. लोहार उठला, "मलाही." दोन्ही प्रवचनकार उठले. म्हातारा ख्रिस्त्यान, ज्याला ऐकू येत नाही, तो सगळे बसले म्हणून बसला. एनोससुद्धा बसला, आत्या! माझा एनोस! "आई मनाची चांगली आहे" म्हणे! शेवटी उभा राहिला एकटा बिशप. त्याने दाढीवरून हात फिरवला, म्हणाला, "दोन मग. दरवर्षी," आणि तोही वाकायला लागला. तेव्हा खालून प्रवचनकार कुजबुजला, "हरमन, थांब! तूही बसलास तर माफी कोण देणार?"

बिशप अर्धा वाकलेलाच थांबला. सगळा पुरुषवर्ग जमिनीवर. मग त्याने सावकाश मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आम्ही बायका आपापल्या बाकांवर ताठ बसलो होतो.

"बहिणींनो," तो म्हणाला, "तुमच्यापैकी कुणी?"

सासूबाई उठल्या. "मीच केली," म्हणाल्या, "आणि दोन मग. सप्टेंबरात." मग मी उठले आणि डुकरांपासून सगळं सांगितलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी खाली बसलो. बाकी एकही बाई हलली नाही. हलणार कशी? कुणाला कधी उरलीच नव्हती.

बिशपने नियमाप्रमाणे उरलेल्या मंडळीला विचारलं, यांना माफ करावं का? उरलेली मंडळी म्हणजे एकोणीस बायका. त्याची बायको ल्यूसी उठली. ती फार बोलत नाही. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या पुरुषांवरून नजर फिरवली, अजिबात घाई न करता. म्हणाली, "सतरा वर्षं आम्ही वाढलं. एकदा जरी तुम्ही आमच्यासाठी मग भरून ठेवला असता, तर आज आम्हीही खालीच असतो. आता पुढच्या वर्षापासून तुम्ही वाढायचं. उठा सगळे, पाव गार होतोय."

आणि झाली माफी! डीकनचं पद राहिलं. रूट बिअर करायची, पण आठवड्याच्या आत संपवायची, आणि करायची आम्ही दोघींनी, असं ठरलं. रविवार तेवीसला प्रभुभोजन आहे. माझ्या मनात आता कणभरही काही दडलेलं नाही. किती हलकं वाटतंय, तुला काय सांगू!

घरी येताना एनोस बग्गी हाकत होता, मी त्याच्याशेजारी, सासू-सासरे मागे. अर्धी वाट सरली. मग मागून सासऱ्यांचा आवाज आला.

"मॅटी, मला इतकी वर्षं वाटत होतं, तू माझ्यासाठी मुद्दाम करतेस."

"मी? मुद्दाम?"

"मी सतत लोकांच्या चुका ऐकत फिरतो. चेहरा असा होऊन बसलाय. मला वाटलं, नवरा वर्षातून एकदा तरी हसावा म्हणून तू मुरवतेस. तू बोलत नव्हतीस, म्हणून मीही बोललो नाही. तुला सभेपुढे यावं लागलं असतं."

मी मागे वळून बघितलं नाही, पण कान मागेच होते.

"तोबायस," सासूबाई म्हणाल्या, "मला माहीत असतं, तर मी वर्षातून चारदा केली असती."

आणि सासरे हसले, आत्या. कोरड्या घशाने, भर दुपारी, विहिरीच्या पाण्यावर. एनोसने लगाम सैल सोडला, आणि सासूबाईही हसायला लागल्या. मग आम्ही चौघंही हसत घरी आलो.

तुझी,
व्हर्ना